स्वस्तातली वीजकरवत घरी आणताना: खरेदीपासून पहिल्या कापापर्यंत

प्लायचा एखादा रॅक घरीच करू म्हणून करवत घ्यायला गेलेला माणूस पुष्कळदा मार्बल कटर, म्हणजे फरशी कापायचं मशीन, घेऊन परत येतो. दुकानदार सांगतो, 'लाकडाचं पातं लावा, सगळं कापतं.' कापतं, हे खरंच आहे. पण घरच्या कामात बोटं जाण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. दुसरी चूक क्रमाची. सगळे पैसे मशिनवर जातात आणि आधार, क्लॅम्प, चांगलं पातं, नीट वायर या गोष्टी 'नंतर बघू' म्हणून राहतात. मग प्लायचा आठ बाय चार फुटांचा अख्खा पत्रा दोन स्टुलांवर टाकून कापायला सुरुवात होते.

खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने दिलं आहे. मशीन आधीच घेतलं असेल तरी पहिली पायरी सोडू नका.

१. आधी कापांची यादी करा

कागदावर लिहा: काय कापायचं, किती जाडीचं, किती लांब, सरळ की वळणदार. ही यादी केली की बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की मोठे काप घरी करायची गरजच नाही. शहरातल्या बऱ्याच प्लायच्या दुकानांत किंवा शेजारच्या सुताराकडे पॅनल सॉ, म्हणजे अख्खे पत्रे सरळ कापायचं मोठं मशीन, असते. नेमकी मापं लिहून दिली की थोड्या पैशांत सरळसोट पट्ट्या कापून मिळतात. १८ मिमीचा एक अख्खा पत्रा तीस-पस्तीस किलोंचा असतो. तो एकट्याने घरात फिरवणं हेच मुळात धोक्याचं काम आहे.

यादी करताना एक हमखास चूक होते. पत्रा चार फूट रुंद, म्हणून एक-एक फुटाच्या चार पट्ट्या निघतील असं गृहीत धरलं जातं. निघत नाहीत. पातं दर कापाला दोन-अडीच मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं. १२२० मिमी रुंदीतून ३०० मिमीच्या चार पट्ट्या आरामात निघतात, ३०५ च्या निघत नाहीत. कापाची रुंदी यादीतच धरा.

यादीत वळणं, सिंकसाठीची भोकं, छोटे तुकडे एवढंच असेल, तर जिगसॉ (वरखाली हलणाऱ्या बारीक पात्याची करवत) घ्या आणि बाकीच्या मशिनांचा विचार सोडा. ती सावकाश कापते, सरळ रेषेत थोडी भरकटते, पण नवख्या हातात सगळ्यांत कमी इजा करणारी वीजकरवत तीच. लांब सरळ काप बरेच असतील तरच सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल फिरत्या पात्याची हातातली करवत.

२. कोणतं मशीन, आणि कोणतं अजिबात नाही

मार्बल कटरला साधारण ११० मिमीचं पातं असतं आणि ते मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतं. मशीन बनलेलं असतं ते हिऱ्याच्या, दात नसलेल्या चकतीसाठी. अशी चकती फरशी घासत जाते, पकडत नाही. म्हणून त्याचं झाकण फक्त वरच्या अर्ध्या भागाला असतं. खालचा अर्धा भाग कायम उघडा. त्यावर दातेरी पातं चढवलं की ते लाकडाला चावा घेतं आणि अडकलं की मशीन उसळतं. शिवाय स्विच सोडल्यावरही काही सेकंद ते उघडं पातं फिरत राहतं. मशीन मांडीशेजारी ठेवायची सवय असलेल्यांच्या मांडीवरच्या जखमा अशा होतात.

सर्क्युलर सॉला खालून स्प्रिंगचं फिरतं झाकण असतं. पातं लाकडात शिरताना ते मागे सरकतं आणि बाहेर आलं की आपोआप बंद होतं. मशीन स्वस्त असो की महाग, हे झाकण नसेल तर लाकडासाठी घेऊ नका. एवढी एकच अट मी अजिबात सैल करणार नाही. मोटर कमी ताकदीची चालेल, प्लास्टिक जरा हलकं चालेल, पण झाकण हवंच.

नावावर जाऊ नका. काही दुकानांत मार्बल कटरलाच 'वुड कटर' म्हणून विकतात. उलट, ११० मिमीची खरी वुड कटरही मिळतात, ज्यांना खालचं झाकण असतं. खोक्यावरचं नाव वाचत बसण्यापेक्षा मशीन उलटं करून झाकण बघा.

घरासाठी १८५ मिमी, म्हणजे सव्वासात इंची पात्याची, १२०० ते १४०० वॉटची सर्क्युलर सॉ पुरते. तिचा काप ६० मिमीच्या वर खोल जातो, म्हणजे प्लाय, ब्लॉकबोर्ड आणि दाराच्या चौकटीची बहुतेक लाकडं आली. किंमत साधारण चार ते सात हजार. हातात दहा हजार असतील तर मशिनवर पाच-सहाच्या वर जाऊ नका. उरलेले चौथ्या पायरीपासून पुढे लागणार आहेत.

> थांबा: अँगल ग्राइंडरवर लाकडाचं पातं कधीच नाही. त्याला लाकडावर टेकवायला बेसप्लेट नाही, खालचं झाकण नाही आणि फेरे दहा-अकरा हजार. चार इंची ग्राइंडरला बसतील अशी दातेरी पाती आणि साखळीच्या चकत्या ऑनलाइन सहज मिळतात. मिळतात म्हणून त्या चालतात असं नाही.

> थांबा: मार्बल कटर उलटा करून टेबलाखाली बोल्टने बसवायचा, स्विच पट्टीने कायमचा दाबून ठेवायचा आणि 'घरगुती टेबल सॉ' करायची, असे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्या टेबलावर पात्याला झाकण नसतं, कापलेला चर उघडा ठेवणारी मागची पट्टी नसते आणि घाईत बंद करायला हाताशी स्विच नसतो. हे करू नका. सर्क्युलर सॉ उलटी बसवली तरी यातलं काही सुधारत नाही, उलट खालचं झाकण बांधून ठेवावं लागतं.

मार्बल कटर आधीच घरात असेल तर फेकू नका. हिऱ्याची चकती लावा, फरशीसाठी ठेवा.

३. दुकानात, पैसे देण्याआधी

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, इतर शहरांत हार्डवेअरच्या जुन्या पेठा: अशा ठिकाणी घेण्याचा फायदा किमतीपेक्षा तपासणीत आहे. मशीन हातात घेता येतं. पुढच्या गोष्टी पाच मिनिटांत होतात, आणि दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी करा.

प्लग न लावता खालचं झाकण पूर्ण मागे ओढा आणि सोडा. ते खाडकन बंद झालं पाहिजे. रेंगाळलं, मध्ये अडलं, तर दुसरं मशीन मागा. गुण्या सोबत न्या आणि बेसप्लेट व पातं यांच्यामध्ये धरून काटकोन बघा. पत्र्याची पातळ बेसप्लेट वाकलेली असते, आणि ती वाकलेली असेल तर पुढे एकही काप सरळ येणार नाही. स्वस्त मशिनांमध्ये खरी काटकसर इथेच केलेली असते. पातं दोन बोटांत धरून आडवं हलवा. स्पिंडल, म्हणजे पातं ज्यावर बसतं तो दांडा, खुळखुळायला नको. मग चालू करून बघा: आवाज एकसारखा हवा, खरखर नको, आणि स्विच सोडला की तो लगेच सुटला पाहिजे.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला फार किंमत देऊ नका. ओळखीच्या कंपनीसारखं नाव, एखादं अक्षर इकडचं तिकडे आणि निम्मी किंमत असं दिसलं तर ते मशीन सोडा. त्यापेक्षा विचारा: कार्बन ब्रश (मोटरमधले झिजणारे तुकडे), स्विच आणि आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) इथे मिळेल का? 'मिळून जाईल' हे उत्तर नाही. ब्रशची जोडी त्याच वेळी विकत मागा. ती काउंटरवर आली तर सुटे भाग आहेत असं समजा. बिल आणि शिक्क्यासकट वॉरंटी कार्ड घ्या.

जुनं मशीन घेत असाल तर हेच सगळं, शिवाय वायर मशिनच्या तोंडाशी चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे का ते पाहा. खालचं झाकण काढून टाकलेलं जुनं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. ज्याने झाकण काढलं त्याने आणखी काय काय केलं असेल ते दिसत नाही.

४. पातं

मशिनसोबत येणारं पातं कामचलाऊ असतं. १८५ मिमीसाठी टंगस्टन कार्बाइडचे दात असलेलं, ४० दाती पातं घ्या. प्लाय आणि ब्लॉकबोर्डला ते पुरतं. सनमायका लावलेल्या पत्र्याला ६० दाती बरं. जाड लाकूड रेषेच्या दिशेने चिरायचं असेल तर २४. जास्त दात म्हणजे काप सफाईदार, पण वेग कमी आणि गरमी जास्त.

पात्यावर दोन आकडे बघा. एक, मधल्या भोकाचा व्यास. तो स्पिंडलशी तंतोतंत जुळला पाहिजे. सैल भोकात कागद किंवा पत्रा कोंबून पातं बसवायचं नाही, त्यासाठी योग्य मापाची रिंग मिळते. दोन, कमाल फेरे. हा आकडा मशिनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवा. १८५ मिमीच्या पात्याची कडा ५,५०० फेऱ्यांना ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने जात असते. त्या वेगात सुटलेला एक दात डोळ्यापर्यंत यायला वेळ घेत नाही.

बसवताना आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पात्यावरचा बाण आणि झाकणावरचा बाण एकाच दिशेला हवेत. उलटं बसवलेलं पातंही धूर काढत, जाळत लाकूड कापतं, त्यामुळे नवख्याला वाटतं मशीनच कमजोर. बोल्ट सुटत नसेल तर आठवा: पातं ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेला तो सैल होतो.

> तपासा: पातं हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. झाकणाला कुठेही घासायला नको. एलन की आणि पाना मशीनवरून काढून बाजूला ठेवला का?

५. वीज

१४०० वॉटचं मशीन २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या वर ओढतं आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. म्हणजे मोबाइल चार्जरच्या छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावायचं नाही. गीझर किंवा एसीचं १६ अँपिअरचं सॉकेट वापरा. प्लग बसत नाही म्हणून सुट्या तारा काडीने खोचणं हा प्रकार अजूनही दिसतो. त्याऐवजी सॉकेटला बसेल असा आयएसआय मार्कचा प्लग वायरमनकडून लावून घ्या.

बरीच मशिनं दोन पिनी असतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे आणि त्याला अर्थिंग लागत नाही. मात्र असं मशीन ओलं करायचं नाही, आणि पावसाळ्यात ओल्या गच्चीवर तर चालवायचंच नाही.

एक्स्टेन्शन १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचं घ्या, लांब अंतर असेल तर २.५ चं. रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळात उष्णता कोंडते आणि आतलं इन्सुलेशन वितळतं. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते पाहा आणि त्याचं 'टेस्ट' बटण दाबून तो पडतो का तेही बघा. नसेल तर करवतीआधी तो बसवा.

६. जागा आणि आधार

घरच्या करवतीचे बहुतेक गंभीर झटके, म्हणजे मशीन उसळून अंगावर येणं, आधार चुकल्यामुळे बसतात, म्हणून इथे वेळ घालवा.

पत्रा दोन स्टुलांवर टेकवून मधोमध कापलात, तर काप शेवटाकडे जाताना दोन्ही अर्धे आतल्या बाजूला झुकतात. चर मिटतो आणि फिरतं पातं त्यात चिमटतं. पात्याच्या मागच्या बाजूचे दात त्या वेळी वरून खाली येत लाकडात रुततात. ते मशीन उचलतात आणि तुमच्याकडे फेकतात. यात मनगटाच्या ताकदीने काही थांबवता येत नाही, कारण सगळं तुम्हाला कळायच्या आधी होऊन गेलेलं असतं.

उपाय स्वस्त आहे. जमिनीवर दोन इंची जाड थर्मोकोलची शीट पसरा, त्यावर पत्रा ठेवा आणि कापा. पातं थर्मोकोलमध्ये पाव इंच शिरतं, काही बिघडत नाही. पत्र्याचे दोन्ही भाग शेवटपर्यंत आधारावर राहतात, त्यामुळे चर मिटायला जागाच नसते. एक शीट पुष्कळ काप सोसते. जमिनीवर वाकायचं नसेल तर कापाच्या प्रत्येक बाजूला दोन, असे चार आधार हवेत. कापाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक आधार जवळ, एकेक टोकाशी.

तुकडा लहान असेल तर तो हाताने धरून कापायचा नाही. दोन सी-क्लॅम्प लावा. क्लॅम्प लावायलाही जागा उरत नाही इतका लहान तुकडा असेल तर तो हातकरवतीचं काम आहे.

सरळ कापासाठी मार्गदर्शक पट्टी लागते: ॲल्युमिनिअमची चौकोनी नळी किंवा कारखान्याच्या कडेची प्लायची पट्टी. बेसप्लेटची कड ते पात्याचा दात हे अंतर एकदा टाकाऊ तुकड्यावर कापून मोजा आणि मशिनवरच मार्करने लिहून ठेवा. पट्टी रेषेपासून तेवढी लांब लावायची. पातं रेषेच्या टाकाऊ बाजूला यायला हवं. रेषेवरून कापलं तर माप एक-सव्वा मिलिमीटरने चुकतं आणि ड्रॉवर अडकतो.

पॅकिंगच्या खोक्यांचं किंवा जुन्या दाराचं लाकूड असेल तर आधी चुंबक फिरवा. मोडलेला खिळा वरून दिसत नाही.

> तपासा: कापाच्या रेषेखाली वायर, क्लॅम्प, फरशी, तुमचा पाय यांपैकी काही आहे का? कापून सुटणारा तुकडा कुठे जाईल? मुलं आणि मांजर दाराबाहेर आहेत का?

७. अंगावर काय असावं, काय नसावं

आधी नसावं ते. हातमोजे नाहीत. फिरत्या पात्याजवळ मोज्याचा एक धागा अडकला तर हात सोबत ओढला जातो. ओढणी, पदर, लांब बाह्या, मोकळे केस, मंगळसूत्र, मनगटावरचा गंडा, अंगठी, घड्याळ, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र, इयरफोनची वायर: काढा किंवा आत खोचा. चप्पल नाही, बंद बूट.

डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल लावा. नंबरचा चष्मा चालत नाही, त्यावर बसणारा गॉगल मिळतो. कानांना मफ लावा, कारण सर्क्युलर सॉचा आवाज सहज ९५ डेसिबलच्या वर जातो आणि बंद खोलीत तो आणखी अंगावर येतो. नाकाला रुमाल पुरत नाही, एफएफपी२ दर्जाचा मास्क हवा. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदलेला आहे, आणि एमडीएफ कापताना त्यात फॉर्मल्डिहाइडवाल्या चिकटद्रव्याची भर पडते. खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा.

८. पहिला काप

पहिला काप टाकाऊ तुकड्यावर. मग खऱ्या पत्र्यावर, या क्रमाने:

१. प्लग काढलेला असताना खोली लावा. पातं पत्र्याखाली जेमतेम ६ मिमी, म्हणजे दोन सूत दिसावं. १८ मिमीच्या प्लायला २४ मिमी. पातं पूर्ण खाली सोडून कापणं ही सर्रास चूक आहे. ढलप्या जास्त उडतात आणि खाली उघडं पातं विनाकारण मोठं राहतं.

२. पत्र्याची चांगली बाजू खाली. पातं खालून वर कापतं, त्यामुळे ढलप्या वरच्या बाजूला निघतात. सनमायका असेल तर रेषेवर मास्किंग टेप चिकटवा.

३. वायर खांद्यावरून मागे टाका. आता प्लग लावा.

४. बेसप्लेटचा पुढचा भाग पत्र्यावर सपाट टेकवा. पातं लाकडाला अजून लागलेलं नको. स्वतः रेषेच्या एका बाजूला उभे राहा, मशिनच्या थेट मागे नाही.

५. दोन्ही हात मशिनवर. चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग पुढे सरका. ढकलायचं नाही. आवाज जड झाला तर तुम्ही घाई करताय. जळका वास आला तर पातं बोथट आहे किंवा मशीन तिरकं धरलंय.

६. रेषा सुटली तर मशीन वाकवून परत आणू नका, झटका त्यानेच बसतो. स्विच सोडा, पातं थांबू द्या, मशीन मागे घ्या आणि नव्याने सुरुवात करा. चालू मशीन चरातून मागे ओढायचं नाही.

७. काप संपला की स्विच सोडून जागेवरच थांबा. पातं थांबलं आणि खालचं झाकण बंद झालं, हे डोळ्यांनी बघून मगच मशीन खाली ठेवा.

> थांबा: झाकणात ढलपी अडकून ते उघडं राहिलं तर प्लग काढून साफ करा. ते सारखं अडकतं म्हणून तारेने किंवा पाचरीने कायमचं उघडं बांधलं, तर झाकण असलेलं मशीन घेण्याचे पैसे वाया गेले.

दिवसाचे शेवटचे दोन काप उद्यावर टाका. दमलेला माणूस क्लॅम्प लावत नाही.

९. काम झाल्यावर

प्लग काढा, ब्रशने झाकणातला आणि मोटरच्या फटींतला भुसा झाडा. पात्यावर राळ चिकटली असेल तर रॉकेल लावून पुसा. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात पात्याला तेलाचा पातळ हात फिरवून ठेवा. मुलांच्या घरात मशीन कुलपात. मोटरमध्ये ठिणग्यांचं गोल कडं दिसू लागलं की ब्रश बघा, ते झिजलेले असतील.

१०. तरीही लागलं तर

हे करवत सुरू करण्याआधी वाचून ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगा. शक्यतो एकटे असताना करवत चालवूच नका.

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात हृदयाच्या वर धरा आणि दाब सोडू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, कॉफी, चहापूड काहीही भरू नका. रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण नंतर डॉक्टरला ते सगळं जखमेतून खरवडून काढावं लागतं.

बोटाचा तुकडा पडला असेल तर तो शोधा. सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवला तर तो जोडण्यालायक राहत नाही. १०८ ला फोन करा आणि बोट तुटलंय हे आधीच सांगा, म्हणजे प्लास्टिक सर्जन असलेल्या रुग्णालयात नेता येईल. घराजवळचं असं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून त्याचा नंबर करवतीच्या खोक्याच्या झाकणावर चिकटवा.